वाळवंट बाहेरून येत नाही

जरीपटका ही आपली वस्ती. नाव मराठ्यांच्या जरीच्या निशाणाचे, पण वस्ती वाढली ती १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या माणसांनी. त्यांच्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून थरच्या वाळवंटाच्या गोष्टी पुष्कळांनी ऐकल्या असतील. वाळूच्या टेकड्या, उंट, कोसभर दूर असलेली विहीर. म्हणून वाळवंट म्हटले की आपल्याला वाटते, ते कुठे तरी दूर आहे. आपल्या नागपूरला त्याचे काय?

पण दूर जायचे कारण नाही. पहिला मोठा पाऊस आला की दारात उभे राहून रस्त्याकडेच्या नालीत पाहा. पाण्याचा रंग कसा असतो? चहासारखा. गावाकडच्या नाल्याला पाहा, तिथेही तोच रंग. हा रंग पाण्याचा नाही, मातीचा आहे. कुणाच्या तरी वावरातली, कुठल्या तरी टेकडीवरची माती पाण्यात मिसळून चालली आहे. आपल्या भागातले पाणी पिवळ्या नदीत जाते, पिवळी नदी नाग नदीला मिळते, नाग कन्हानला, कन्हान वैनगंगेला. पुढे प्राणहिता, मग गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकदा समुद्रात गेलेली माती परत येत नाही.

माती अशी जात राहिली की मागे उरतो मुरूम आणि दगड. त्यावर ना पीक, ना गवत. वाळू नसली म्हणून काय झाले? ज्या जमिनीवर काही उगवत नाही तिला वाळवंटच म्हणायचे. असले वाळवंट बाहेरून चालत येत नाही. ते आपल्याच शिवारात, आपल्याच डोळ्यांदेखत तयार होते. ते कसे होते आणि कसे परतवता येते, हे या धड्यात पाहू.

जमीन कशी मरते

जमिनीच्या वरचा वीतभर थर हाच तिचा जीव. पिकाचे अन्न त्यातच असते. ओल त्यातच टिकते. गांडुळे आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव त्यातच राहतात. खडक झिजून, पालापाचोळा कुजून असा एक इंच थर बनायला शेकडो वर्षे लागतात. तो वाहून जायला मात्र काही पावसाळे पुरतात.

पावसाचा मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग तासाला तीस किलोमीटरच्या आसपास असतो. खाली गवत किंवा पाचोळा असेल तर थेंबाचा मार त्यावर बसतो आणि पाणी हळूहळू मुरते. जमीन उघडी असेल तर थेंब तिला फोडतो. फुटलेल्या मातीचे बारीक कण जमिनीची छिद्रे बुजवतात. वर पापुद्रा धरतो. मग पाण्याला आत जायला वाट राहत नाही, ते उताराने धावते. धावताना माती नेते. आधी बोटाएवढ्या रेघा पडतात, मग ओघळ, मग माणूस आत उभा राहील एवढी घळ.

जमीन उघडी कोण करतो? आपणच. चुलीसाठी झाडे तोडली. गवत उगवायच्या आधीच ढोरे आणि शेळ्या सोडल्या. बरडीच्या जमिनीवर नांगर घातला, आणि तोही उताराला आडवा न घालता उताराच्या दिशेने. प्रत्येक तासाची एक नाली झाली. कुणी हे वाईट बुद्धीने केले नाही. पोटासाठी केले. पण जमिनीला आपली बुद्धी दिसत नाही, आपले काम दिसते.

पाऊस कमी, की थांबणे कमी?

आता कुणी म्हणेल, "बापा, पाऊसच कमी पडते तं माणूस काय करन?"

हिशेब करून पाहू. एक एकर वावरावर एक इंच पाऊस पडला तर किती पाणी होते? सुमारे एक लाख लिटर. नागपूरला वर्षाला सरासरी हजार मिलिमीटरहून जास्त, म्हणजे चाळीस इंच पाऊस पडतो. तेव्हा एका एकरावर वर्षाला चाळीस लाख लिटर पाणी आभाळातून उतरते. तरीही आपल्या नागपूर जिल्ह्यातले काटोल आणि नरखेड, शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले वरुड आणि मोर्शी, या संत्र्याच्या पट्ट्यात काय झाले? विहिरी आटल्या म्हणून बोअर मारले. बोअर आटले म्हणून आणखी खोल गेले. २०१९ च्या उन्हाळ्यात तिथल्या कित्येक बागा उभ्या वाळल्या. पोटच्या पोरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी तोडून सरपणाला लावली.

आता दुसरे गाव पाहा. अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. त्यात हिवरे बाजार नावाचे गाव आहे. तिथे पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, आपल्या निम्म्याहूनही कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव खचत गेले होते. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसे कामासाठी पुण्या-मुंबईला. गावाचे नाव काढले की दारू आणि भांडणे आठवत. आज त्या गावात गवत आहे, दूध आहे, विहिरींना पाणी आहे, आणि गेलेली कुटुंबे परत आली आहेत.

जास्त पावसाच्या गावात बागा वाळल्या, कमी पावसाच्या गावात गवत वाढले. म्हणजे नुसता पाऊस मोजून चालत नाही. पडलेले पाणी थांबते किती, आणि थांबलेले पाणी वाटून कसे घेतो, ते पाहावे लागते.

घरी करून पाहा

दोन जुने पत्र्याचे डबे आडवे कापून पाट्या करा. दोन्हींत सारखी माती भरा. एकीतली माती उघडी ठेवा. दुसरीवर वाळलेले गवत किंवा पाचोळा पसरा. दोन्ही पाट्यांचे एक टोक विटेवर टेकवा आणि खालच्या टोकाखाली एकेक भांडे ठेवा. आता झारीने दोन्हींवर सारखे पाणी घाला.

उघड्या मातीच्या भांड्यात लगेच गढूळ पाणी येईल. पाचोळ्याच्या भांड्यात पाणी उशिरा येईल, थोडे येईल आणि स्वच्छ येईल. घरातल्या पोरांनाही दाखवा. पुस्तक बाजूला राहील, पण ही गोष्ट विसरणार नाही.

काम माथ्यापासून

मग करायचं काय? धावणाऱ्या पाण्याला चालायला लावायचे, चालणाऱ्याला थांबवायचे आणि थांबलेल्याला मुरवायचे. हे काम टेकडीच्या माथ्यापासून सुरू करून खाली यायचे. आधी नाल्यावर मोठा बांध घातला आणि वरची टेकडी बोडकीच ठेवली, तर काय होते? वरून माती येते आणि दोन-चार पावसाळ्यांत बांध गाळाने भरतो. पैसा गेला, पाणी नाही. म्हणून खालचे काम शेवटी.

माथ्यावर आणि उतारावर समतल चर खणतात. चर म्हणजे हातभर खोलीची लांब नाली. ती उताराला आडवी, सारख्या पातळीवर खणायची. निघालेली माती खालच्या बाजूला टाकून तिचा वरंबा करायचा. पावसाचे पाणी चरात येते, थांबते आणि मुरते. वरंब्यावर गवताचे आणि झाडांचे बी टाकायचे.

त्याखाली ओघळी लागतात. त्यांत जागोजागी अनगड दगडांचे छोटे बांध रचायचे. यांना चुना-सिमेंट नको. दगडांच्या फटींतून पाणी पाझरते, माती मागे अडकते. त्याखाली वावरांचे धुरे नीट करायचे, म्हणजे बांधबंदिस्ती. वखरणी-पेरणी उताराला आडवी करायची. आणि सगळ्यांत शेवटी नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बांध.

सारखी पातळी शोधायला इंजिनिअरच पाहिजे असे नाही. सारख्या लांबीचे दोन बांबू घ्या, पुरुषभर उंचीचे. वरची टोके एकत्र बांधा, पाय फाकवा आणि मध्ये एक आडवी काठी बांधा. वरच्या टोकाला दोरी बांधून तिला खाली दगड लटकवा. दोन खुंट्या ठोका. त्यांवर चौकटीचे पाय ठेवा. दोरी आडव्या काठीवर जिथे येते तिथे खूण करा. आता चौकट फिरवा, म्हणजे डावा पाय उजव्या खुंटीवर आणि उजवा डाव्या खुंटीवर. पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मध्ये तिसरी खूण करा. टेकडीवर दोरी या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय सारख्या पातळीवर आहेत असे समजा. तिथे चुन्याचा ठिपका टाका आणि पुढे चला. ठिपके जोडले की चराची रेघ तयार.

चर चुकून तिरपा गेला तर पाणी त्यातून धावते आणि चराचीच घळ होते. म्हणून खणायच्या आधी मोजायचे.

गवत हाच खरा बांध

खणलेला चर गाळाने भरतो, रचलेला दगड कधी निसटतो. पण गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि दर वर्षी आपली आपण वाढतात. म्हणून खणण्याच्या कामाइतकेच जमीन राखण्याचे काम मोठे.

बोडक्या बरडीवर आधी कुसळीसारखे हलके गवत येते. तीन-चार वर्षे चराई बंद ठेवली, तर पवन्या आणि मारवेलसारखे चांगले गवत हळूहळू परत येते. झाडांचेही तसेच. तोडलेल्या झाडाची मुळे पुष्कळदा जिवंत असतात. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या काठाला नायजर नावाचा देश आहे. तिथले शेतकरी वावरातले बुंधे उपटून फेकत असत. १९८० नंतर त्यांनी ते उपटणे सोडले. बुंध्याला फुटलेल्या धुमाऱ्यांतले दोन-तीन चांगले ठेवायचे, बाकीचे छाटायचे, एवढेच केले. सुमारे पन्नास लाख हेक्टर जमिनीवर अशी झाडे परत उभी राहिली. रोप विकत आणले नाही, पाणीही घातले नाही.

अगदी मेलेली जमीनही उठते, याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. सावनेर तालुक्यात खाप्याजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे. खाणीतून काढलेल्या दगड-मातीच्या ढिगांवर काडीही उगवत नव्हती. नागपूरच्या नीरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथे झाडे लावायचे ठरवले. नुसते खड्डे करून चालले नसते, कारण त्या ढिगांत जीवच नव्हता. म्हणून त्यांनी खड्ड्यांत साखर कारखान्यातला उसाच्या रसाचा गाळ घातला. शेतकरी त्याला प्रेसमड म्हणतात. हवेतले नत्र धरून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना अन्न शोषायला मदत करणारी बुरशीही घातली. मग साग, शिसव अशी झाडे लावली. ती जगली, आणि ढीग हिरवे झाले. यातून घ्यायचे ते एवढेच की माती म्हणजे नुसती धूळ नव्हे. तिच्यात जीव असेल तरच ती माती. शेणखत आणि पाचोळा जाळून टाकणारा माणूस तो जीवच जाळतो.

बांध अर्धे काम, बोली अर्धे काम

इथवर सगळे सोपे वाटेल. पण चर खणलेली कितीतरी गावे पुन्हा कोरडी पडतात. का? कारण आलेले पाणी पहिल्या दोन वर्षांत चार-दोन मोठे बागायतदार मोटारी लावून ओढून घेतात. चराईबंदी पाळायला सांगितले जाते ते गरिबाला. मग गरीब विचारतो, "माह्या शेळ्यांनी काय खावं?" हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर न देता घातलेली बंदी टिकत नाही, आणि टिकावी तरी का?

हिवरे बाजारात १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. गावातल्या तरुणांनीच त्यांना गळ घातली होती. १९९४ मध्ये गाव राज्य सरकारच्या आदर्श गाव योजनेत आले. चर, बांध, झाडे ही कामे झाली. पण त्याआधी ग्रामसभेत नियम ठरले. कुऱ्हाड चालवायची नाही. मोकाट चराई नाही. दारू नाही. कुटुंब लहान ठेवायचे. सगळ्यांनी श्रमदान करायचे. शेतीसाठी बोअर मारायचा नाही. पाणी पिणारी ऊस आणि केळीसारखी पिके घ्यायची नाहीत.

मग ढोरांचे काय? डोंगरावर ढोरे न्यायची नाहीत, पण गवत कापून आणायची मुभा ठेवली. २००० साली गावाला शंभर टनांच्या आसपास गवत मिळत होते. २००४ साली ते सहा हजार टनांवर गेले, असा हिशेब छापून आलेला आहे. ज्याला बंदी पाळायला लावली त्याच्या गोठ्यात चारा आला, म्हणून बंदी टिकली. पावसाळा संपला की गाव पाण्याचा जमाखर्च मांडते. पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल, हे सभेत ठरते. घरात पगार पाहून किराणा भरतो, तसेच हे. पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

दुसरे उदाहरण याहूनही विचार करण्यासारखे आहे. १९७२ च्या दुष्काळात पुण्याचे एक इंजिनिअर आणि कारखानदार विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात गेले. दुष्काळी कामावर हजारो माणसे खडी फोडताना त्यांनी पाहिली. ज्या कामाने दुष्काळ हटत नाही ते काम करूनच माणसे पोट भरत होती. साळुंख्यांनी नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन करारावर घेतली. तिथे बांध घातले, तळे केले, विहीर खणली आणि जमीन पिकवून दाखवली. त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम ऐका. पाणी जमिनीवर नाही, माणसांवर वाटायचे. घरात जितकी माणसे, तितक्या अर्ध्या एकरांचे पाणी. एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. ऊस लावायचा नाही. आणि योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लोकांनी स्वतः उभा करायचा.

ज्याची शंभर एकर जमीन आहे त्याला शंभर एकरांचे पाणी, ही रीत सगळीकडे चालते. इथे म्हटले, पाऊस पडताना सातबारा पाहत नाही, मग पाणी वाटताना तो का पाहायचा? भूमिहीन मजूर चर खणतो. त्या चराचे पाणी दुसऱ्याच्याच विहिरीत जाणार असेल, तर पुढच्या वर्षी त्याने फावडे का उचलावे? त्याचा वाटा ठरला की तो बांधाची राखण स्वतःहून करतो. साळुंखे २००२ साली वारले. त्यांनी घालून दिलेला हा विचार मात्र वारला नाही.

हे संकट सगळ्या जगाचे आहे

आपण एकटेच अडचणीत आहोत असे समजू नका. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मधल्या भागात गवताळ राने नांगरून टाकली होती. पाऊस हुकला तेव्हा तिथली माती वाऱ्याने उडाली. दिवसा अंधार पडला, आणि लाखो माणसांना घरे सोडावी लागली. १९९४ साली संयुक्त राष्ट्रांमध्ये जगातल्या देशांनी वाळवंटीकरण रोखण्याचा करार केला. दर वर्षी १७ जून हा दिवस त्यासाठी पाळतात.

इस्रोने उपग्रहांच्या चित्रांवरून भारताचा नकाशा तयार केला आहे. २०१८-१९ च्या पाहणीत देशाची सुमारे ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन खराब झालेली किंवा होत असलेली आढळली. म्हणजे शंभरातली जवळजवळ तीस. आपल्या महाराष्ट्रात हे प्रमाण शंभरात चाळीसहून जास्त आहे. भारताने २०३० पर्यंत दोन कोटी साठ लाख हेक्टर जमीन सुधारण्याचे ठरवले आहे. आकडा मोठा आहे, पण प्रत्येक हेक्टर कुठल्या तरी एका गावाच्या शिवारातच आहे.

शहरातल्या माणसाने काय करावे

जरीपटक्यात राहणाऱ्याचे वावर नसेल. पण पुष्कळांचे भाऊ, काका, मामा गावी आहेत. पोळ्याला किंवा दिवाळीला गावी जाल तेव्हा तीन गोष्टी पाहा. नाल्याचे पाणी कोणत्या रंगाचे आहे? टेकडीवर गवत आहे की दगड? आणि गावात पाण्याबद्दल काही बोली ठरली आहे की ज्याची मोटार मोठी त्याचे पाणी?

आता तुम्हाला वाचता येते. ग्रामसभेची सूचना लागते ती वाचा. पाणलोटाच्या कामाचा फलक लागतो, त्यावर किती काम आणि किती पैसा ते लिहिलेले असते. तो वाचा आणि टेकडीवर जाऊन काम मोजा. चर माथ्यापासून सुरू झाले आहेत का? आडवे आहेत का? भूमिहीनाचा वाटा कुठे लिहिला आहे? सभेत उठून हे विचारा. विचारायला लाजू नका.

इथे घरीही करण्यासारखे आहे. अंगणात सगळीकडे सिमेंट ओतू नका, थोडी माती उघडी ठेवून तिच्यावर झाड लावा. छपराचे पाणी नालीत सोडण्याऐवजी खड्ड्यात मुरवा. पाचोळा जाळू नका.

पुढच्या पावसाळ्यात नालीकडे पुन्हा पाहा. पाणी जितके गढूळ, तितके आपले काम बाकी आहे असे समजा. ते नितळ वाहू लागेल तेव्हा समजा की कुठे तरी माती घरी राहिली.